तापात आलेल्या आकडीचा पुढे मुलाच्या वागण्यावर परिणाम होतो का?

गोदाकाठची (धागाकर्ती) | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार. वर्षभर नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. चौदा महिन्यांचा असताना पहिली आकडी आली. दुपारी अंग जरा कोमट लागत होतं एवढंच. मी वरणभात कालवत होते, तो मांडीवर होता. एकदम ताठ झाला, डोळे वर गेले, ओठ निळे पडले आणि हातपाय उडायला लागले. त्यानंतर भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरांनी विचारलंय, किती मिनिटं? मला तर संध्याकाळ झाल्यासारखी वाटली होती. शेजारच्या काकू म्हणतात दोन मिनिटंसुद्धा नसतील. रिक्षात बसेपर्यंत थांबलं होतं. ताप १०३ निघाला. वरणभाताचा हात मी दवाखान्यात जाऊन धुतला.

दुसरी आकडी दोन वर्षांचा झाल्यावर महिन्याभरात, तिसरी तीन वर्षांचा असताना. तिन्ही तापातच आणि तिन्ही थोडा वेळच. डॉक्टरांनी ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), एमआरआय काही नको सांगितलं. ताप आला की तीन दिवस क्लोबाझाम, म्हणजे आकडी टाळायचं औषध द्यायचं, एवढंच.

आता शाळेतून तक्रार आलीये. एका जागी बसत नाही, हाक मारली तर बघत नाही, गोष्ट चालू असताना उठून खिडकीशी जातो. घरी सासूबाई म्हणतात, "आकडीनं डोक्याला चटका बसलाय, मी तेव्हाच म्हटलं होतं." त्या तेव्हा असं काही म्हणाल्या नव्हत्या, पण ते असो. खरंच असं होतं का? कुणाचा अनुभव असेल तर लिहा. झोप लागत नाहीये.

कोकणसय | रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवते, उद्या सविस्तर लिहीन. तूर्त एवढंच की मलाही लहानपणी तापात आकड्या यायच्या, आईच्या हिशेबानं चार. आता कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तू झोप आधी.

उंटावरचा | बुधवार, सकाळी ७:१५

मला आयुष्यात एकदाही आकडी आलेली नाही. मीही एका जागी बसत नाही, हाक मारली तर बघत नाही, गोष्ट चालू असताना उठून खिडकीशी जातो. तक्रार बाईंची नाही, बायकोची आहे. (दिवे घ्या, गंमत आहे.)

स्टेथो_सांगली | बुधवार, दुपारी २:३०

पेशाने बालरोगतज्ज्ञ. न तपासता तुमच्या मुलाबद्दल बोलणार नाही, पण तापातल्या आकडीबद्दल बोलता येईल.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना ती येते. आमच्यासाठी रोजचं, आईसाठी जगबुडी. सगळं अंग एकसारखं उडालं, १५ मिनिटांच्या आत थांबलं आणि २४ तासांत परत आली नाही, तर तिला साधी म्हणतात. एकाच बाजूचा हातपाय उडत असेल, लांबली असेल किंवा त्याच दिवशी पुन्हा आली असेल तर आम्हीही कान टवकारतो. एकदा आलेल्या साधारण तीन मुलांपैकी एकाला पुन्हा कधीतरी येते, त्यामुळे तुमच्याकडे तीनदा आली यात आक्रीत काही नाही. साध्या आकडीनंतर पुढे अपस्मार (मिरगी, म्हणजे ताप नसतानाही येणाऱ्या आकड्या) होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन, म्हणजे इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त.

आता चटक्याचं. अमेरिकेतला एक अभ्यास १९७८ सालचा आहे. आकडी आलेल्या ४३१ मुलांची सातव्या वर्षीची बुद्धिमापन चाचणी त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी ताडून पाहिली. आईबाप तेच, घर तेच, जेवण तेच. फरक निघाला नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल १९७० च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा मागोवा घेतला, त्यांतल्या ३९८ मुलांना तापात आकडी येऊन गेली होती. दहाव्या वर्षी अभ्यास आणि वर्तन दोन्ही पाहिलं, बाकीच्यांसारखंच होतं.

आईबापांना मी हे सांगतो तेव्हा ते मान हलवतात आणि दारातून परत येऊन विचारतात, "पण डोक्यावर परिणाम नाही ना?"

कुळथाचं_पिठलं | बुधवार, दुपारी ४:०५

आमच्या गावी आकडी आली की कांदा फोडून नाकाला लावतात, ताबडतोब शुद्ध येते. वेखंड, ब्राह्मी, सुवर्णप्राशन नियमित चालू ठेवा. आधुनिक डॉक्टर फक्त गोळ्या देतात. आमच्या पुतण्याला कांद्यानंच गुण आला.

स्टेथो_सांगली | बुधवार, दुपारी ४:२०

कांदा फोडेपर्यंत दोन मिनिटं जातात आणि बहुतेक आकड्या तेवढ्यात आपण होऊन थांबतात. श्रेय कांद्याला. तोंडात मात्र चमचा, बोट, पाणी, काही म्हणजे काही घालू नका. दात तुटून श्वासनलिकेत गेलेला मी पाहिलाय. मूल कुशीवर वळवा, घड्याळ बघा. घरी मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा दिलेला असेल तर पाच मिनिटं झाल्यावर तो. नसेल तर पाच मिनिटांपुढे वाट न बघता दवाखाना गाठा.

चप्पलग्रस्त | बुधवार, संध्याकाळी ६:५०

कांदा म्हणजे चैन आहे हो. मला शाळेच्या मैदानावर आली तेव्हा पीटीच्या सरांनी स्वतःचा बूट नाकाला लावला. भर मे महिन्यातला बूट. शुद्धीवर आल्यावर पहिला विचार हाच आला की पुन्हा बेशुद्ध व्हावं.

गमतीचं सोडा. मी अपस्मारवाला आहे, सहाव्या वर्षापासून. वय आता ४६, दोन मुलं आहेत, बँकेत आहे. धागाकर्तीच्या प्रश्नात एक गोष्ट राहून जातेय, ती म्हणजे औषध. मला लहानपणी बरीच वर्षं आकडीसाठी फेनोबार्बिटोन होतं. आई सांगते, गोळी सुरू झाली आणि शांत पोरगा माकड झाला. वर्गात डोकं जड आणि घरी धिंगाणा. सगळे म्हणायचे 'मिरगीवाली पोरं अशीच चिडकी असतात'. आठवीत गोळी बदलली, दोन महिन्यांत मी माणसात आलो. गणितात पहिल्यांदा साठच्या वर गेलो तो दिवस अजून आठवतो. आकडीचं पाप की गोळीचं, हे आधी कुणीतरी विचारायला हवं होतं.

स्टेथो_सांगली | बुधवार, रात्री ९:१०

चप्पलग्रस्त, अगदी नेमकं बोललात. १९९० साली नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध झाला. तापात आकडी आलेल्या लहान मुलांचे दोन गट केले, एकाला रोज फेनोबार्बिटोन, दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी नुसती गोळी. दोन वर्षांनी औषधाच्या गटाचा बुद्ध्यंक सरासरी ८.४ गुणांनी कमी निघाला आणि आकड्याही काही कमी झाल्या नव्हत्या. तेव्हापासून साध्या तापातल्या आकडीला रोजचं औषध देणं मागे पडलं. हल्ली अपस्मारात लेव्हेटिरॅसिटाम पुष्कळ वापरतात, औषध चांगलंच आहे, पण त्यानंही काही मुलं भयंकर चिडचिडी होतात. स्वतःहून बंद मात्र कुणी करू नका, अचानक थांबवलं तर आकड्या उसळतात. डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

गोदाकाठची, क्लोबाझाम वर्षातून किती वेळा द्यावं लागतं?

गोदाकाठची | बुधवार, रात्री ९:३५

गेल्या वर्षात आठ-नऊ वेळा तरी. त्याला सारखा ताप येतो. त्या तीन दिवसांत पेंगतो, तोल जातो, आणि मध्येच कारण नसताना रडतो.

शमी | गुरुवार, पहाटे १:२०

लिहू की नको असं करत दोन वेळा खोडलं.

डॉक्टर म्हणताहेत ते तापातल्या आकडीपुरतं खरं आहे. पण 'लहानपणच्या आकडीनं काही होत नाही' एवढंच वाचून कुणी हा धागा बंद करू नये म्हणून लिहितेय.

माझी लेक पाच महिन्यांची होती. ताप नाही, काही नाही. झोपेतून उठली की मान पुढे आणि दोन्ही हात झटकन जवळ, कुणाला नमस्कार करावा तसे. एक सेकंदभर. मग थांबायची, परत तसंच. एकामागून एक पंधरा-वीस वेळा, आणि शेवटी रडायची. घरात सगळे म्हणाले पोटात कळ येतेय. ग्राइप वॉटर झालं, बेंबीभोवती हिंग झाला. मावशी म्हणाली, "किती संस्कारी गं, उठल्या उठल्या नमस्कार करते." आम्ही हसलो होतो, त्याचे फोटोही आहेत. एका दवाखान्यात सांगितलं बाळं दचकतातच. पण मला दुसरंच खुपत होतं. ती आधी आजोबांच्या खोकल्याला खुदकन हसायची. ते थांबलं. आजोबा मुद्दाम खोकून दाखवायचे, ती त्यांच्या पलीकडे कुठेतरी बघायची.

सात आठवडे असे गेले. शेवटी मोबाइलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी दहा सेकंद पाहिलं, फोन खाली ठेवला आणि म्हणाले आजच ईईजी करा. वेस्ट सिंड्रोम. ईईजीतल्या त्या गोंधळाला हिप्सॅरिद्मिया म्हणतात, तो कागद आमच्याकडे अजून आहे. वेस्ट हे इंग्लंडमधले डॉक्टर, त्यांनी १८४१ साली लॅन्सेटला पत्र लिहून हा आजार सांगितला आणि ज्या बाळाचं वर्णन केलं ते त्यांचं स्वतःचं होतं. मी ते पत्र भाषांतर करून करून वाचलंय. बाप आधी, डॉक्टर नंतर.

स्टेरॉइडनं तिचा चेहरा मोदकासारखा झाला, भूक अशी की बाटली सोडायची नाही. बाराव्या दिवशी झटके थांबले. हसू यायला आणखी चार महिने लागले.

आज ती अकरा वर्षांची आहे. चालते, पळते, तीसेक शब्द बोलते, विशेष शाळेत जाते. मिक्सरचा आवाज तिला सहन होत नाही. हात फडफडवते. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी ती नीट दूध ओढत नव्हती, रक्तातली साखर फार खाली गेली होती, ते वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे मेंदूला आधी साखरेनं मारलं की नंतर झटक्यांनी, की त्या सात आठवड्यांनी? कुणाचा वाटा किती, हे आजवर एकाही डॉक्टरनं मला सांगितलेलं नाही. मी विचारायचं सोडलंय.

गोदाकाठची, तुझ्या मुलाचं हे नाही. घाबरू नकोस. हे दुसऱ्या कुणासाठी लिहिलंय, ज्यांच्या घरी आत्ता हिंग चालू असेल.

तिसरी_घंटा | गुरुवार, सकाळी ८:००

शमी 🙏

स्टेथो_सांगली | गुरुवार, दुपारी ३:१५

शमीताई, तुमचं वाचून दुपारची ओपीडी दहा मिनिटं उशिरा सुरू केली.

माझ्या आधीच्या प्रतिसादात ही रेघ ओढायला हवी होती. सगळ्या आकड्या एका माळेचे मणी नाहीत. तापातली साधी आकडी म्हणजे चांगल्या घरात क्षणभर दिवे लपलपले. वेस्टमध्ये वायरिंगच अजून चालू आहे आणि विजेचा गोंधळ झटके नसतानाही, चोवीस तास. बाळ बघायला, ऐकायला, ओळखायला शिकतं त्याच महिन्यांत. म्हणून उपचार जितके लांबतील तितकं नुकसान वाढायचा धोका. आपल्याकडे निदानाला उशीर होतो कारण झटके मोठे नसतात, फेस येत नाही, कुणी पडत नाही.

तान्ह्यांच्या मेंदूत आणखी एक भानगड आहे. गाबा नावाचं रसायन मोठ्यांच्या मेंदूत ब्रेकचं काम करतं. नवजात बाळाच्या पेशींत क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे तेच गाबा तिथे कधीकधी ॲक्सिलरेटर दाबतं. जन्मानंतरच्या काही दिवसांतल्या आकड्या आटोक्यात आणणं अवघड जातं त्याचं हे एक कारण. शिवाय त्या बहुतेक वेळा मूळ दुखण्याची खूण असतात. जन्मताना प्राणवायू कमी पडलेला, साखर उतरलेली, जंतुसंसर्ग. पुढे मूल मागे राहिलं तर दोष मूळ दुखण्याचा की आकडीचा, हे वेगळं काढता येत नाही. शमीताईंना उत्तर मिळालं नाही कारण उत्तर नाही.

आकडेमोड्या | गुरुवार, रात्री १०:४०

डॉक्टरसाहेब, तुमचे अभ्यास पन्नास-साठ वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलांचे आहेत. डेन्मार्कचा २०१६ चा बघा, नऊ लाखांहून जास्त मुलं. तापातली आकडी येऊन गेलेल्यांत पुढे एडीएचडीचं (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) निदान सुमारे २८ टक्के जास्त. अपस्मार असलेल्यांत तर जवळजवळ पावणेतीन पट. तेव्हा सासूबाईंना एवढं हसण्यावारी नेऊ नका.

कोकणसय | गुरुवार, रात्री ११:१५

आले आले. हा माझा प्रांत.

२८ टक्के ऐकून शंभरातल्या २८ मुलांना एडीएचडी होतो असं वाटतं. तसं नाही. समजा, कुठल्याशा गावात शंभरातल्या पाच मुलांना एरवीच असतो. तिथे २८ टक्के जास्त म्हणजे पाचाचे साधारण साडेसहा. शंभर मुलांमागे दीड. ९३-९४ मुलांना आकडी येऊनही काही नाही. दुसरं, सोबत दिसतं म्हणजे त्याच्यामुळेच झालं असं नव्हे. ज्या जनुकांनी आकडीचा उंबरठा खाली आणला त्यांनीच चंचलपणाही दिला असेल. अपस्मारातही असं दिसलंय की बऱ्याच मुलांत वागण्याच्या, लक्ष लागण्याच्या अडचणी पहिल्या आकडीच्या आधीपासूनच असतात. म्हणजे 'आकडीनं वागणं बिघडलं' पेक्षा 'दोन्ही एकाच मुळातून' हे कित्येकदा जवळचं.

अभ्यास चांगला आहे, आकडेमोड्या. डॉक्टरांचेही चांगले आहेत. त्यांनी बुद्धी, अभ्यास आणि वर्तन मोजलं, यानं निदानं मोजली.

उंटावरचा | गुरुवार, रात्री ११:२२

आकड्यांच्या धाग्यावर आकडेमोड्या आणि वर संख्याशास्त्राच्या बाई. मी दीड मुलाची वाट बघतोय.

लेस्टरचा_भाऊ | शुक्रवार, पहाटे ३:५०

इकडे इंग्लंडमधून. माझ्या भाचीला सहाव्या महिन्यात, लस दिल्याच्या रात्री ताप आणि अर्धा तास आकडी. एकाच बाजूची. मग प्रत्येक तापाला, नंतर कोमट पाण्यानं अंघोळ घातली तरी. कुटुंबानं चार वर्षं लशीला शिव्या घातल्या. शेवटी जनुक तपासणीत एससीएन१ए नावाचं जनुक बिघडलेलं निघालं, म्हणजे ड्राव्हे सिंड्रोम, जनुकातूनच येणारा अपस्मार. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी अशी 'लशीनं मेंदू गेला' म्हणवली गेलेली १४ माणसं तपासली, ११ जणांत हेच जनुक बिघडलेलं निघालं. लशीनं ताप आणला, आजार आधीच आत होता.

त्यात तिला आधी कार्बामाझेपिन हे आकडीचंच औषध दिलं होतं. या आजारात त्यानं आकड्या वाढतात. वाढल्याच.

आकड्यांसाठी तिचा किटो आहार चालू होता दोन वर्षं. सगळं ग्रॅमवर मोजून, लोणीच लोणी. दिवाळीला बहिणीनं तिच्यापुरती खोबरेल तेलाची वडी केली. आम्ही सगळ्यांनी एकेक खाऊन बघितली. पुढच्या दिवाळीला कुणी हट्ट केला नाही.

गुळपोळी | शुक्रवार, सकाळी १०:३०

किटोवर वेगळा धागा निघू दे ना. वजन कमी करायला चालतं का ते?

उंटावरचा | शुक्रवार, सकाळी १०:३४

गुळपोळी नाव घेऊन किटो विचारताय.

तिसरी_घंटा | शुक्रवार, दुपारी १:४५

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? मी बावीस वर्षं बालवाडी घेतेय. डॉक्टर नाही, पण 'बसत नाही, बघत नाही' अशी पोरं रांगेनं पाहिलीत.

गोदाकाठची, दोन गोष्टी बघ. एक, तो बघत नाही तेव्हा नेमका कसा असतो? खेळत असतो, की मध्येच थिजतो? आमच्याकडे एक मुलगी घास तोंडात तसाच धरून दहा सेकंद थांबायची, पापण्या फडफडायच्या, मग काही झालंच नाही असं चावायला लागायची. मी तिला आळशी म्हणायचे, अजून लाज वाटते. त्या आकड्याच होत्या. डॉक्टरांनी दवाखान्यात तिला भिरभिरं फुंकायला दिलं, दोन मिनिटं फुंकलं आणि समोरच थिजली.

दोन, त्याला सारखा ताप येतो म्हणालीस. कशाचा? कान दुखतो का? टीव्हीचा आवाज वाढवतो का? त्याच्या मागे उभी राहून अगदी हळू 'चॉकलेट' म्हण. आधी एका कानाशी, मग दुसऱ्या.

स्टेथो_सांगली | शुक्रवार, दुपारी २:०५

बाईंनी माझी फी वाचवली. कान नक्की तपासा. आणि वर्षातून नऊ वेळा क्लोबाझाम मला जास्त वाटतं. आकडी लहान असेल तर पुष्कळ डॉक्टर ते देतच नाहीत, फक्त फवारा हाताशी ठेवायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांशी सरळ बोला, माझं नाव सांगायची गरज नाही, मला तरी कुठे नाव आहे इथे. आणि पॅरासिटामॉल मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. त्यानं आकडी टळत नाही, तेव्हा 'मी डोस चुकवला म्हणून आली' हे मनातून काढून टाका.

गोदाकाठची | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:३०

उशिराबद्दल माफी. धागा तीन वेळा पूर्ण वाचला.

थिजत नाही तो. भिरभिरं आणलं, फुंकून फुंकून मोडलं, काही झालं नाही. मग चॉकलेट. उजव्या कानाशी म्हटलं, गर्रकन वळला. डाव्या कानाशी तीनदा म्हटलं, तो गाडी चालवत राहिला. मी तिथेच खाली बसले.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय सांगितलं, डावीकडे जास्त. नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठीही वाढल्यात. सारखे ताप त्याचेच असणार म्हणाले, आणि आकड्या त्या तापांच्या. तीन महिने वाट बघू, नाही ओसरलं तर पडद्यात छोटी नळी बसवू. शाळेत त्याला पुढे, उजवा कान बाईंकडे येईल असं बसवलंय. आता गोष्ट ऐकतो. एका जागी बसत नाही ते नाहीच, खिडकीशी अजून जातो, पण बाई म्हणतात गोष्ट संपल्यावर जातो. चंचल आहेच तो, सहाव्या वर्षी पुन्हा दाखवायला सांगितलंय.

क्लोबाझाम बंद केलं, डॉक्टरांना विचारूनच. फवारा फ्रिजवरच्या डब्यात आहे, शेजारच्या काकूंनाही मारायला शिकवलाय.

सासूबाई म्हणतात, "कान बघा, मी तेव्हाच म्हटलं होतं."

शमी, तुला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

शमी | रविवार, रात्री १०:१०

वाचला. उत्तर उद्या दिवसा देईन, मोठं आहे. आज लेकीनं मिक्सरकडे बोट दाखवून 'नको' म्हटलं. बत्तिसावा शब्द.

उंटावरचा | सोमवार, सकाळी ७:४०

इथलं वाचून बायकोनं मलाही कान तपासायला पाठवलं. रिपोर्ट अगदी नॉर्मल आलाय. घरी कसा दाखवू?